४५ व्या वर्षी, परगावात मला कोण काम देणार?

"मॅडम, वय 45, नोकरी सोडून दहा वर्षं झाली, गुजराती येत नाही. मला कोण दारात उभं करणार?" बडोद्यात माझ्याकडे हा प्रश्न घेऊन बहुतेक बायकाच येतात. (ओळख पटू नये म्हणून इथे तपशील बदलले आहेत.)

या ताई नाशिकच्या, बी.कॉम. कारखान्यात हिशेब सांभाळायच्या. 2014 मध्ये सासूबाईंच्या आजारपणात नोकरी सोडली, पुढे नवऱ्याची बडोद्यातल्या मकरपुऱ्याला बदली झाली. मुलाखतीत तेच प्रश्न: घरी कोण बघतं? इथे किती वर्षं राहणार? आमच्याकडे सगळी तरुण मुलं आहेत, जमेल ना?

मी विचारलं, "यजमानांचं वय?"

"48."

"गुजराती?"

"मोडकंतोडकं."

तरी ते बढतीवर आले! त्यांचं वय म्हणजे अनुभव, हिचं म्हणजे अडचण; आणि घरी कोण बघतं, हे त्यांना कुणी विचारलंच नाही. ताई गप्प झाल्या, मग चिडल्या. मला बरं वाटलं, कारण तोवर सगळा दोष त्या स्वतःकडेच घेत होत्या. 2011 च्या जनगणनेत देशातल्या स्थलांतरितांपैकी सुमारे दोन तृतीयांश बायका होत्या, बहुतेकींचं कारण लग्न. पण त्यांना स्थलांतरित म्हणतो कोण?

मग आम्ही गुंता सोडवायला बसलो. बाई म्हणून भरतीत डावलणं 1976 च्या समान वेतन कायद्यानेच बेकायदा ठरवलं. 2019 च्या वेतन संहितेतही ते आहे. वयाबद्दल खासगी नोकरीत असं संरक्षण नाही. जन्मस्थानावरून भेदभाव नको, हे राज्यघटनेचं कलम 16 सरकारी नोकरीपुरतंच सांगतं. म्हणजे वय आणि परगाव या दोन बाबतींत कायदा पाठीशी नाही, हे मी लपवलं नाही.

खरी उणीव एकच निघाली. जीएसटी जुलै 2017 मध्ये आला, तो यांनी कधी हाताळलाच नव्हता. ते शिकता येतं. त्यांनी टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरसोबत जीएसटीची विवरणपत्रं भरायला शिकून घेतलं. दर महिन्याच्या 11 आणि 20 तारखेला ती भरायची मुदत संपते; त्याआधी करसल्लागारांकडे कामाचा ढीग असतो, म्हणून मोठ्या कंपन्यांना अर्ज करत बसण्यापेक्षा रावपुऱ्यातली छोटी ऑफिसं गाठायला सांगितलं.

एका ठिकाणी अर्धवेळ काम देऊ केलं. पगार ऐकून ताईंनी विचारलं, "हेच काम करणाऱ्या मुलाला काय देता?" साहेबांनी आकडा थोडा वाढवला, पण मुलाचा पगार सांगितला नाही. ताईंनी दोन दिवसांची मुदत मागून घेतली आहे आणि शेजारच्या ऑफिसातही बोलून आल्या आहेत.