रत्नागिरीची ओळख पाहुण्यांना जेवणातून आणि सणांतून कशी करून द्यावी?

गणपतीपुळ्याला आणि आरे-वारेच्या किनाऱ्यावर येणारे पर्यटक रत्नागिरी शहरात क्वचितच मुक्काम करतात, तेव्हा इथले खाद्यपदार्थ आणि इथली संस्कृती यांच्या आधारे शहर त्यांच्यापर्यंत कसे पोहोचवावे, असे तुम्ही विचारले आहे. मी रत्नागिरीतच राहतो, घरच्या खोल्यांमध्ये पाहुण्यांची निवास-न्याहारीची सोय करतो आणि पुष्कळदा त्यांना शहर दाखवायला स्वतः घेऊन जातो. त्या अनुभवावरून माझे मत असे झाले आहे की, रत्नागिरीला सर्वांत आधी एक चांगली दिनदर्शिका हवी आहे. फलक, चित्रफिती आणि खाद्यमहोत्सव यांचा विचार त्यानंतर करावा.

असे म्हणण्याचे कारण इथल्या जेवणातच आहे. कोकणातले जेवण ऋतूला आणि तिथीला बांधलेले असते, आणि जाहिरातीत मात्र बाराही महिने सुरमईची थाळी, कोलंबी आणि सोलकढी एवढेच दिसते. ही थाळी पाहुण्याला अलिबागला मिळते, मालवणला मिळते आणि मुंबईत घराजवळही मिळते. मग तिच्यासाठी त्याने रत्नागिरीत रात्र का काढावी? याउलट फाल्गुनात ओल्या काजूगरांची उसळ आणि कोवळ्या फणसाची म्हणजे कुयरीची भाजी मिळते हे त्याला आधीपासून ठाऊक असेल, तर तो त्यासाठी तारीख ठरवून येतो. ओला काजूगर सोलताना त्याच्या चिकाने हात भाजतात, एका माणसाच्या उसळीपुरते गर सोलायलाही बराच वेळ लागतो, आणि म्हणून ती उसळ महाग असते. ही माहिती पदार्थाबरोबर दिली की कोणी भावावरून वाद घालत नाही, हे मी पुन्हा पुन्हा पाहिले आहे.

चैत्र-वैशाखात हापूस आहेच, पण त्याचीही ओळख आपण अपुरीच करून देतो. २०१८ मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले आणि त्यात रत्नागिरीसह कोकणातले पाच जिल्हे आले, तरीही रस्त्याच्या कडेला परप्रांतीचा आंबा रत्नागिरीचा म्हणून विकला जातो आणि पाहुणा फसतो. त्याला पेटी विकण्याआधी बागेत न्यावे, झेल्याने, म्हणजे जाळी लावलेल्या काठीने, आंबा कसा उतरवतात ते दाखवावे, आंबे पिकत घातलेली गवतातली अढी उघडून दाखवावी आणि मानांकनाची नोंदणी असलेल्या बागायतदाराकडूनच खरेदी करायला सांगावे. त्याच दिवसांत कोकमे पिकतात, त्यांचा रस काढून मीठ घालून आगळ करतात, आणि त्याच रसात सालांना पुन्हा पुन्हा बुडवून, उन्हात वाळवून आमसुले करतात. अंगणात चाललेले हे काम पाहिलेल्या माणसाला आगळाची सोलकढी आणि रंग घालून गुलाबी केलेली कढी यांतला फरक सांगावा लागत नाही. बरक्या फणसाची सांदणे आणि वाळत घातलेली साटे म्हणजे फणसपोळ्या हीदेखील याच दिवसांतली. काप्या फणसाचे गरे तसेच खायला द्यावेत.

पावसाळ्याबद्दल मात्र स्पष्ट बोलायला हवे. जून-जुलैमध्ये यांत्रिकी मासेमारी बंद असते, कारण तो माशांच्या विणीचा काळ असतो आणि समुद्रही खवळलेला असतो. या दिवसांत हॉटेलात मिळणारे पापलेट किंवा सुरमई बहुतेक वेळा बर्फातली किंवा बाहेरून आलेली असते. हे दडवून ठेवण्यापेक्षा या दोन महिन्यांचा वेगळाच बेत जाहीर करावा, असे मला मनापासून वाटते: टाकळा, भारंगी, कुर्डू, फोडशी या रानभाज्या, कुळथाचे पिठले, तांदळाची किंवा नाचणीची भाकरी, सुकटीचे कालवण, सुका बांगडा आणि सोबत मऊ भात. पावसाच्या बेगमीसाठी मासळी खारवून-सुकवून ठेवण्याची ही रीत आमच्या किनाऱ्यावरच्या प्रत्येक घराने जपली आहे, आणि ताज्या मासळीइतकीच ती आमची आहे. माझ्याकडे आषाढात आलेल्या पाहुण्यांनी हे जेवण जितके आवडीने खाल्ले, तितके हॉटेलातले महागडे ताट कोणी खाल्लेले मला आठवत नाही. पावसाळ्यानंतर बोटी पुन्हा बाहेर पडल्या की बांगड्याचे दिवस येतात, आणि तेव्हा मिरकरवाडा बंदरावर पाहुण्याला जरूर न्यावे; मात्र तिथे लिलाव हा लोकांच्या पोटापाण्याचा व्यवहार असतो, म्हणून टोपल्यांच्या वाटेत उभे राहू नये आणि विचारल्याशिवाय कोणाचे छायाचित्र घेऊ नये, हे त्याला निघण्यापूर्वीच सांगावे.

इथे एक गोष्ट राहून जाऊ नये. रत्नागिरीचे जेवण म्हणजे एकाच समाजाचे जेवण नाही. मोदक, निवगऱ्या आणि वालाची डाळिंबी उसळ एका घरातली, तिखले आणि कालवण दुसऱ्या घरातले, तर राजिवड्यासारख्या वस्तीतल्या कोकणी मुसलमान घरांमध्ये तांदळाच्या पिठाची, नारळाच्या रसातली सांदणे मटणाच्या रश्श्याबरोबर खातात. माहितीपत्रकात यांतले एकच स्वयंपाकघर दाखवले, तर शहराची ओळख अर्धवट राहते.

आता संस्कृतीविषयी. रत्नागिरीचा सर्वांत मोठा उत्सव शिमगा आहे. ग्रामदैवत श्री देव भैरीला बारा वाड्यांचा भैरी म्हणतात. फाल्गुन पौर्णिमेच्या सुमारास त्याची पालखी मंदिरातून बाहेर पडते, सहाणेवर म्हणजे तिच्यासाठीच्या ठरलेल्या चौथऱ्यावर बसते आणि रंगपंचमीपर्यंत शहरातून फिरते. होळीसाठी आणलेला उंच माड उभा करताना उठणाऱ्या हाका, ढोलांचा गजर आणि पालखी नाचवणारे खांदे हे सारे पाहुण्याने पाहावे, पण देवाचे पाहुणे म्हणून पाहावे. मानकऱ्यांचा मान काय असतो, पालखीला वाट कशी द्यावी, दर्शनासाठी कुठे उभे राहावे, या चार गोष्टी छापील पत्रकात हव्यात. पालखीसमोर व्यासपीठ उभारून तिचा कार्यक्रम करण्याच्या सूचना अधूनमधून कानावर येतात, त्यांना मी नेहमीच विरोध करतो. नमन-खेळे या इथल्या लोकनाट्याचेही तसेच आहे. मृदंगाच्या तालावर गण, गवळण, संकासुर आणि मग वग अशी ती रात्रभराची रचना असते. हॉटेलच्या हिरवळीवर अर्ध्या तासात उरकलेल्या नमनात खेळी दमतात आणि पाहणाऱ्याला काही कळत नाही. त्यापेक्षा कोणत्या गावात कोणत्या रात्री नमन आहे याची यादी द्यावी, पाहुण्याला तिथे नेऊन गावकऱ्यांमध्ये बसवावे आणि त्याच्याकडून मंडळाला देणगी द्यायला लावावी.

गणपतीत मात्र बाहेरच्या पर्यटकांना आमंत्रण देऊ नये. कोकणातला गणपती घराघरातला आहे. चाकरमानी गावी येतात, रेल्वे आणि एसटी भरून वाहतात, आणि ज्या बायकांच्या हातचे जेवण आपण पाहुण्यांना देणार, त्याच त्या दिवसांत मोदकांच्या आणि गौरीच्या तयारीत बुडालेल्या असतात. ते दिवस घरच्यांसाठी राहू द्यावेत.

शहरातल्या वास्तूंची अडचण वेगळी आहे. त्या आहेत, लोक त्या पाहतात, पण त्यांची गोष्ट कोणी सांगत नाही. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा याला इंग्रजांनी १८८५ मध्ये पदच्युत केले आणि १८८६ मध्ये रत्नागिरीत आणून ठेवले. त्याच्यासाठी बांधलेला राजवाडा १९१० मध्ये पूर्ण झाला आणि १९१६ मध्ये त्याचा इथेच मृत्यू झाला. म्हणजे आयुष्याची कितीतरी वर्षे बंदिवासात काढल्यावर त्याला हा वाडा मिळाला आणि तिथे तो जेमतेम सहा वर्षे राहिला. एवढे कळले की रिकाम्या दालनांकडे पाहण्याची माणसाची नजर बदलते. टिळक आळीतले लोकमान्यांचे जन्मस्थान आणि भागोजीशेठ कीर यांनी उभारलेले १९३१ चे पतितपावन मंदिर चालत पाहता येते. या मंदिराची गोष्ट तर आपल्या विषयाला थेट भिडते, कारण सर्व जातींच्या हिंदूंना खुले असलेले हे मंदिर झाल्यावर, सावरकर इथे स्थानबद्ध असताना, १९३३ मध्ये सर्व जातींनी एकत्र बसून खावे म्हणून शहरात अखिल हिंदू उपाहारगृह सुरू झाले होते. सोबत कोण बसते यावरून जेवण नाकारले जाण्याच्या काळात या शहरात सहभोजने झाली, ही गोष्ट रत्नागिरीच्या खाद्यपरंपरेत पदार्थांच्या बरोबरीने सांगायला हवी. कातळशिल्पांकडे, म्हणजे सड्यावरच्या कातळात कोरलेल्या प्राचीन चित्रांकडे, लोकांचे लक्ष २०२२ मध्ये ती युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आल्यापासून वाढलेच आहे. उक्षीसारखे ठिकाण अर्ध्या दिवसात पाहून होते, आणि दुसऱ्या दिवशीच्या सकाळसाठी ते ठेवले तर मुक्कामाला आणखी एक कारण मिळते.

पैशांच्या बाबतीत मी दोनच गोष्टींचा आग्रह धरतो. मासळीच्या थाळीचा भाव रोज बदलत असेल तर तो रोज दारावर लिहावा, कारण खाऊन झाल्यावर समजलेला भाव पाहुणा आयुष्यभर विसरत नाही. आणि जेवण शक्य तितके बचत गटांकडून आणि घरगुती खानावळींकडून घ्यावे. आंबापोळी, फणसपोळी, आगळ, कुळथाचे पीठ विकताना त्यावर गावाचे नाव आणि केल्याची तारीख असावी. रिक्षावाल्यांना मात्र या कामात आधीपासून सामील करून घ्या, कारण स्थानकावर उतरलेला माणूस पहिला प्रश्न त्यांनाच विचारतो.

दिनदर्शिकेचे दोन भाग करावेत. तिथींनी ठरणारे सण वर्षभर आधी कळतात, ते छापून दिवाळीपूर्वी वाटता येतील. नगर परिषद, हॉटेलवाले आणि बचत गट मिळून हा खर्च सहज उचलू शकतात. आंबा, काजूगर, रानभाज्या आणि मासळी यांचे दिवस दरवर्षी पुढेमागे होतात, त्यामुळे त्यांची खबर दर पंधरवड्याला मोबाईलवरच द्यावी. सगळे एकदम जमणार नसेल तर फाल्गुनापासून सुरुवात करा, कारण त्या महिन्यात काजूगर, कुयरी, पुरणपोळी, पालखी आणि नमन हे सारे एकत्र येते आणि हापूसच्या पहिल्या पेट्याही तेव्हाच निघू लागतात.