वकीलसाहेबांना विचारा

प्रश्न : मुलगी यंदा बारावी आर्ट्सला आहे. पुण्याचं आयएलएस लॉ कॉलेजच तिच्या डोक्यात बसलंय. लगेच पाठवू की आधी बी.ए. होऊ देऊ? – एक केळी उत्पादक, रावेर

उत्तर : भाऊ, १९२४ सालच्या या कॉलेजात दोन्ही वाटा आहेत. बारावीनंतर पाच वर्षांचा बी.ए. एलएल.बी., पदवीनंतर तीन वर्षांचा एलएल.बी. दोन्हींच्या सीईटी वेगळ्या, आणि पेपर मराठीतही असतो. खुल्या प्रवर्गाला बारावीत ४५ टक्के हवेत. आधी बी.ए. केलं तर एक वर्ष जास्त जातं. पण ते रावेरला घरून झालं, तर पुण्याच्या मेस-हॉस्टेलचा खर्च तीनच वर्षं. पोरीचं पक्कं असेल तर मी पाच वर्षंच म्हणेन.

आमच्या धुळ्याच्या कोर्टात नवे ज्युनिअर येतात, कलमं धडाधड म्हणतात. सातबाऱ्यावरचा ‘इतर अधिकार’चा रकाना समोर धरला की गप्प. बोजा कुणाचा, कूळ कोण, काही उमगत नाही. सुट्टीत तिला तुमच्याच जमिनीचे फेरफार, म्हणजे हक्क बदलल्याच्या नोंदी, वाचायला लावा.

पदवीनंतर सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, आणि ऑल इंडिया बार परीक्षा आहेच. फॉर्मच्या तारखा सीईटी सेलच्या संकेतस्थळावर बघा. एजंटाला दमडीही देऊ नका.