ब्रेक धरतोय? किट टाकण्याआधी दाब कुठे कोंडलाय ते शोधा

तुमची तक्रार अशी: तीन टनी डिझेल फोर्कलिफ्ट, तासभर चालली की पेडल कडक होतं, पुढची दोन्ही चाकं धरतात आणि गाडी गार झाली की आपोआप सुटतात. मास्टर सिलिंडरचं, म्हणजे पेडल दाबल्यावर ब्रेक ऑइलला दाब देणाऱ्या भागाचं, रबरांचं किट दोनदा बदललं, आता पार्टवाला म्हणतो व्हॉल्व्ह गेलाय, अख्खा मास्टरच टाका. दादा, जरा थांबा. दोन किटं टाकून जे गेलं नाही, त्याचं मूळ बहुतेक वेळा मास्टरच्या बाहेर असतं.

आपल्या मास्टरमधला खरा व्हॉल्व्ह म्हणजे टाकीखालचं सुईच्या टोकाएवढं भोक आणि त्याच्यापुढे सरकणारं पिस्टनचं रबर. पाय दाबला की रबर भोकापुढे जातं आणि दाब तयार होतो. पाय काढला की रबर भोकामागे यायला हवं, म्हणजे जास्तीचं ऑइल टाकीत परत जातं. रबर दोन मिलिमीटर जरी पुढे राहिलं तरी वाट बंद. मग चाकातले ब्रेकचे शू किंचित घासतात, ऑइल तापून फुगतं, दाब वाढतो, शू आणखी घासतात. तुमचं पेडल तासाभरानेच का कडक होतं, ते यातच आहे.

आता तपासणी. क्रम बदलू नका, कारण एकदा दाब सुटला की पुरावा गेला. गाडी सपाट जागेवर, फोर्क जमिनीला, मागच्या चाकांना दोन्हीकडून ठोकळे, मगच हँडब्रेक सोडा. चाकं धरलेली असतानाच मास्टरचे बसवायचे नट दोन-तीन आटे ढिले करून मास्टर पुढे सरकवा. चाकं सुटली तर पुशरॉड (पेडलपासून पिस्टनपर्यंतचा दांडा) पिस्टनला दाबून ठेवतोय, मास्टर निर्दोष आहे. नाही सुटली तर मास्टरच्या तोंडावरचा पाइपचा नट हळूच ढिला करा. इथे सुटली तर दोष मास्टरच्या आत. इथेही नाही, पण चाकाचं ब्लीडर निपल (ऑइल-हवा बाहेर काढायचा स्क्रू) उघडल्यावर सुटली, तर मधला पाइप किंवा होज (रबरी नळी) आतून बुजलाय. चष्मा घाला आणि निपलला नळी लावा, ऑइल गरम असतं आणि जोरात उडतं.

दोष पुशरॉडचा निघाला तर नुसता त्याचा प्ले (मोकळी चाल) वाढवून गप्प बसू नका, इंचिंग पेडलचा, म्हणजे गाडी हळूहळू सरकवायच्या पेडलचा, दांडा बघा. टॉर्क कन्व्हर्टरच्या (इंजिनची ताकद ऑइलमधून पुढे देणाऱ्या) बऱ्याच गाड्यांत इंचिंगचं पेडल पुढे ब्रेक पेडललाही ओढतं. तो जोड आखूड बसवला की ब्रेक पेडल कायम जरासं दाबलेलं राहतं, डोळ्याला दिसतही नाही. दांडा काढून ब्रेक पेडल मागे स्टॉपरला टेकतंय का पाहा. आधी ब्रेकचा प्ले मॅन्युअलप्रमाणे, मग इंचिंगचा जोड, उलट नाही.

दोष आत निघाला तर ऑइलचा विचार करा. भोसरीला एका कारखान्यात असंच मशीन होतं. मास्टर उघडून जुनं रबर नव्याशेजारी फडक्यावर ठेवलं, तर काठ पसरून चांगलं मोठं झालेलं, बोटाला चिकट. कुणीतरी टाकीत हायड्रॉलिक ऑइल, म्हणजे खनिज तेल, ओतलं होतं. डॉट ३ या नेहमीच्या ब्रेक ऑइलवर चालणारं रबर खनिज तेलात फुगतं आणि ते भोक झाकून बसतं. अशा वेळी फक्त मास्टरचं किट टाकून भागत नाही. व्हील सिलिंडरची (चाकात शू ढकलणाऱ्या छोट्या सिलिंडरची) रबरं आणि होजही बदला, पाइप धुऊन काढा. याच कारणाने पार्ट डिझेल-पेट्रोलमध्ये धुऊ नका, ही चूक मी रोज पाहतो. उलट काही मॉडेलना खनिज तेलच लागतं, म्हणून टाकीच्या झाकणावरचं वाचल्याशिवाय एक थेंबही ओतू नका.

ते भोक तारेने कोरू नका. काठाला बर (धातूचा धारदार कंगोरा) आला की नवं रबर पहिल्याच दिवशी कापलं जातं. हवा मारा. मास्टरच्या तोंडाशी छोटा चेक व्हॉल्व्ह असेल तर तो थोडासा दाब मुद्दाम धरतो, व्हील सिलिंडरची रबरं भिंतीला टेकून राहावीत म्हणून. किटमध्ये नवा आला नसेल तर जुना फेकू नका, आणि उलटा बसवू नका.

सगळं बसवून पाइपातली एअर काढली की झाकण उघडं ठेवून कुणाला तरी पेडल अगदी हळू दाबायला सांगा. सुरुवातीलाच टाकीत बारीक कारंजं उठलं तर भोक मोकळं आहे. मग रिकामी गाडी तासभर फिरवून पेडलची उंची पुन्हा मोजा. या गाडीला ब्रेक फक्त पुढच्या चाकांना असतात, मागची चाकं वळण्यापुरतीच, त्यामुळे ही चाचणी झाल्याशिवाय ऑपरेटरला किल्ली देऊ नका. कुठल्या नटाला चाकं सुटली तेवढं कळवा, पुढचं त्यावरून सांगतो.