आजीला विचारलंस का?

चि. मुली,

तुझे बारा फोटो टेबलावर मांडून दोन दिवस पाहतोय. उजेड छान धरलायस, सुरकुती न् सुरकुती दिसते. पण त्या म्हाताऱ्या बाईच्या फोटोखाली तू लिहिलंयस, ‘धनगर वृद्धा’. अगं, ती तुझी आजी ना?

विल्यम जॉन्सन नावाच्या साहेबाने मुंबईतल्या लोकांच्या फोटोंचे दोन खंड छापले, १८६३ आणि १८६६ साली. एकीकडे टिपलेली माणसं भलत्याच देखाव्यावर जोडलेली, आणि खाली नाव जातीचं किंवा जमातीचं. तुझी ओळ वाचून तीच पानं आठवली. त्याला ती माणसं परकी होती, तुझं काय?

याउलट सॅम्युअल फोसो बघ. नायजेरियातल्या यादवीतून वाचलेलं हे पोर मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकातल्या बांगी शहरात गेलं आणि १९७५ साली, तेराव्या वर्षी, स्वतःचा स्टुडिओ उघडून बसलं. दिवसभर गिऱ्हाइकांचे फोटो. रोलमध्ये उरलेल्या फ्रेमवर तो स्वतःला टिपायचा, नायजेरियात राहिलेल्या आजीला पाठवायला.

माझ्या स्टुडिओत खिळ्याला एक कोट टांगलेला असे. सगळ्यांना चालावा असा, म्हणजे कुणालाच नीट न बसणारा. शेतावरून आलेला माणूस तो चढवायचा, माझं घड्याळ मागून घ्यायचा, खिशाला पेन लावायचा. सुरुवातीला मला हसू यायचं. पुढे त्यांच्या घरी जाणं झालं, तेव्हा हार घातलेल्या फोटोत माझाच कोट दिसायचा. मग हसू थांबलं.

तेव्हा पुन्हा गावी जा. कॅमेरा पिशवीतच राहू दे आणि आजीला विचार, तुला कसा फोटो हवा? ती ट्रंकेतलं इरकली लुगडं काढेल, हात गुडघ्यांवर ठेवून ताठ बसेल. ‘सहज बस’ म्हणू नकोस. दारातला उजेड घे, ऊन नको. तू खाली बस, लेन्स तिच्या डोळ्यांच्या रेषेत येऊ दे. ५० एमएम पुरे. मग कॅमेरा तिच्या हातात दे आणि तू बस तिच्या जागी. फोटो हलेल, हलू दे.

दोन्ही पोस्टकार्ड साइजमध्ये छाप. मागे पेन्सिलीने नाव लिही. तिचं कोणतं, माहेरचं की सासरचं, ते तिलाच विचार.

एकेक प्रत मला पाठव.

तुझा,
काका