आधी पट्टी फिरव

अनेक आशीर्वाद.

परवा तू खानापूरहून जहाजाचं अर्धवट मॉडेल पंच्यात गुंडाळून आणलंस आणि दारातच विचारलंस, "काका, पुट्टी भरू की सगळं टाकून देऊ?" घरात पाहुणे होते, नीट बोलता आलं नाही. तू परत गेलास तेव्हाचा तुझा चेहरा मात्र डोळ्यांसमोरून हलत नाही, म्हणून हे पत्र.

पुट्टी भरू नकोस. टाकूनही देऊ नकोस. नाळेजवळच्या, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाजवळच्या, ज्या फळ्या उठल्यात त्या काढ आणि बल्कहेडवर, म्हणजे सांगाड्याच्या आडव्या प्लायच्या तुकड्यांवर, पट्टी फिरव.

दीड-दोन मिलीमीटर जाडीची, बिनगाठीची, सरळ रेषांची लांब पट्टी घे. एका वेळी निदान तीन-चार बल्कहेडवर टेकव आणि वरपासून खालपर्यंत सरकवत जा. कुठे फट दिसते, कुठे पट्टी नुसत्या कडेवर टेकते, ते पेन्सिलीनं मांड. तू प्लाय लेझरनं कापून आणलास आणि कडा तशाच काटकोनात ठेवल्यास. पुढे जहाज वळतं, तेव्हा तिथल्या कडा त्या वळणाप्रमाणे तिरक्या घासलेल्या हव्यात. नाहीतर फळी एका धारेवर टेकते, फेविकॉलला धरायला जागाच मिळत नाही आणि आठवड्यात ती उठते. दोष फळीचा नाही. हे मी तुला श्रावणात फोनवर सांगितलं होतं. तू "हो काका" म्हणालास आणि फळ्या लावत सुटलास!

दुसरं, फळ्या पुढे निमुळत्या करायला हव्यात. मधल्या बल्कहेडची कड 100 मिलीमीटर भरली, तर तिथे 5 मिलीमीटरच्या 20 फळ्या बसतात. नाळेजवळ तीच कड 60 भरली, तर त्याच 20 फळ्यांना प्रत्येकी 3 मिलीमीटर जागा उरते. हा साधा भागाकार आहे आणि तू इंजिनिअरिंगला आहेस. तो न करता फळ्या दाबून बसवल्यास, म्हणून त्या एकमेकींवर चढल्या. पण हा भागाकारसुद्धा पट्टी फिरवल्यानंतरचा. सांगाडा खोटा असेल तर मापही खोटंच येणार.

तू ट्रिंकोमाली निवडलीस याचा मला फार आनंद झाला. मुंबईत जहाजबांधणी करणाऱ्या वाडियांच्या देखरेखीखाली सागवानात बांधलेलं, 1817 साली पाण्यात उतरलेलं हे जहाज इंग्लंडमध्ये हार्टलपूलला आजही तरंगतं आहे. तिचे नकाशे जावा नावाच्या जहाजातून मुंबईला निघाले होते. 1812 साली अमेरिकनांनी ते जहाज जिंकून जाळलं, नकाशेही गेले. पुन्हा नकाशे आले आणि 1816 मध्ये कील, म्हणजे जहाजाच्या तळाचा कणा, पडली. सागवान होतं, पिढीजात कसबी कारागीर होते, तरी रेषा हातात येईपर्यंत थांबावं लागलं. तुला चार संध्याकाळी थांबवत नाही?

आणि "बेळगावात समुद्र नाही, इथं जहाजं करून कोण बघणार," हे पुन्हा माझ्यासमोर बोलू नकोस. म्हादई नदी तुझ्याच तालुक्यातल्या जंगलात उगम पावते. तिचं नाव दिलेली शिडाची बोट गोव्यात दिवाडीला बांधली गेली. तीच घेऊन नौदलाचे दिलीप दोंदे 2009-10 मध्ये एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करून आले. त्या बोटीच्या फायबरग्लासखाली लाकडी पट्ट्यांचाच गाभा आहे. तू 48 सेंटीमीटरवर जे करतोस तेच काम तिथं 56 फुटांवर झालं.

मी बेळगावच्या उद्यमबागेत आयुष्यभर फाउंड्रीसाठी लाकडी पॅटर्न केले, म्हणजे ज्यांचा ठसा वाळूत उठवून त्यात लोखंड ओततात ते नमुने. ओतीव लोखंड थंड होताना साधारण एक टक्का आकसतं, म्हणून पॅटर्नवाल्याची मोजपट्टीच तेवढी वाढवलेली असते. तिथं पुट्टीनं झाकलेला खड्डा आज ना उद्या वाळूत उमटायचाच. तिथून हा हट्ट अंगात भिनला. नोकरी संपल्यावर एका दुकानदारानं शोभेची जहाजं मागितली. दर महिन्याला काही नग, रंग चकचकीत हवा, आतलं कोण बघतं म्हणाला. मी नाही म्हटलं. घरात अजून त्यावरून बोलणं होतं, की इतक्या वर्षांत कपाटात ठेवायला मोजकीच जहाजं झाली. होऊ देत. त्यातल्या कुठल्याही जहाजाच्या अंगावरून डोळे मिटून बोट फिरव, कुठे अडणार नाही. मी केलं ते बरोबरच केलं आणि आजही तेच करीन.

हळहळ एकाच गोष्टीची वाटते. हात तरुण होते तेव्हा दिवसभर दुसऱ्यांचे पॅटर्न, आणि संध्याकाळी अंगात त्राण नसायचं. आता वेळ आहे, तर दोऱ्याच्या बारीक गाठी भिंगाखालीही दिसत नाहीत. तुझे डोळे विशीतले आहेत. ते पुट्टी घासण्यात घालवतोस हे बघून मला राग येतो, दुसरं काही नाही.

आता काम सांगतो. फेविकॉलच्या जोडावर गरम पाण्यात पिळलेलं फडकं ठेव, नरम झाला की पातळ सुरीनं फळी उचल. कील भिजू देऊ नकोस. फेविक्विक लावलं असशील तिथं ॲसिटोन, तेही खिडकी उघडी ठेवून. मग कडा घास आणि पट्टी फिरव. पुन्हा घास, पुन्हा फिरव. या पावसाळी हवेत नवी फळी लावूच नकोस. आत्ता फुगलेलं लाकूड मार्चमध्ये आकसेल आणि फटी पडतील. दिवाळीनंतर सुरुवात कर, एक फळी डावीकडे, एक उजवीकडे, म्हणजे कील पिळणार नाही. फळ्यांसाठी वखारीतून शिवण झाडाचं लाकूड आण. आमच्या पॅटर्नच्या कामातही ते चालायचं, कारण ते फारसं वेडंवाकडं होत नाही.

फोटो पाठवू नकोस, फोटोत फट दिसत नाही. नवरात्रात सुट्टी असेल तेव्हा सांगाडाच घेऊन ये. बस स्टँडवरून फोन कर, मी न्यायला येतो.

तुझा,
काका