बंद लँडफिलची तपासणी करताना नेमकं बघायचं काय? वर तर नुसतं गवत दिसतं

तुम्ही लिहिलंय की एका बंद लँडफिलची (म्हणजे शहराचा कचरा भरून ठेवलेल्या जागेची) देखभाल तुमच्या गळ्यात पडलीये, कचरा टाकणं कधीच थांबलंय, वर माती पसरून गवत लावलंय, आणि दर तीन महिन्यांनी जो फॉर्म भरायचा असतो त्यात सगळीकडे 'ठीक' लिहिण्यापलीकडे काही सुचत नाही. मी हे काम बरीच वर्षं केलंय आणि पहिलं वर्षभर मीही 'ठीक'च लिहीत होतो, त्यामुळे हसण्याचा प्रश्नच नाही.

आधी एक समजून घ्या, बंद झालंय ते फक्त गेट. आत कचरा कुजतोच आहे, आणि हवा नसताना कुजतो म्हणून मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतो, ढोबळमानाने निम्मा निम्मा. वरून पाणी मुरलं की ते कचऱ्यातून गाळत गाळत खाली जातं, त्याचं काळपट घाण पाणी होतं, ते लिचेट. आणि कुजून कुजून अख्खी टेकडी खाली बसत असते, कचऱ्याच्या उंचीच्या दहा-वीस टक्के बसली तरी त्यात काही विशेष नाही. शिवाय ती सगळीकडे सारखी बसत नाही, दुखणं खरं तिथे आहे. म्हणून तर अमेरिकेच्या नियमांत बंद केल्यानंतर ३० वर्षं देखभाल सांगितलीये आणि भारताच्या २०१६ च्या नियमांत किमान १५ वर्षं सांगितली होती.

आता फॉर्मचं. फॉर्म विचारतो 'भेगा आहेत का', हो किंवा नाही. पण भेगा तर असतातच हो. विचारायचं असं की मागच्या वेळी ही भेग होती का, केवढी होती, आता केवढी आहे. म्हणून दर वेळी त्याच वाटेने चाला, त्याच ठिकाणी उभं राहून त्याच दिशेला फोटो काढा, आणि निघायच्या आधी मागचे फोटो मोबाईलवर उघडून ठेवा. मी एका साइटवर लागोपाठ तीनदा 'माथ्यावर थोडं पाणी साचलंय' असं लिहिलं होतं, तिन्ही वेळा तेच शब्द. चौथ्यांदा सहज जुना फोटो काढून बघितला तर पहिल्या फोटोत सतरंजीएवढं असलेलं डबकं आता ट्रक उभा राहील एवढं झालेलं. फॉर्मप्रमाणे मात्र वर्षभरात काहीच बदललं नव्हतं! तेव्हापासून 'थोडं' हा शब्द मी टाकून दिला, पावलांनी का होईना पण मोजून लिहितो, भेगेत पट्टी घालून फोटो काढतो.

डबक्याचा एवढा बाऊ का, तर कॅपचं सगळं काम पाणी बाहेर ठेवायचं आहे. कॅप म्हणजे वरचं झाकण, साधारण रचना अशी की कचऱ्यावर दाबून बसवलेला चिकणमातीचा थर (भारताच्या २०१६ च्या नियमांत तो ६० सेंमी), त्यावर पाणी वाहून नेणारा १५ सेंमीचा थर आणि सगळ्यात वर गवताची माती ४५ सेंमी, काही ठिकाणी मातीऐवजी किंवा मातीबरोबर प्लास्टिकची जाड शीट असते. खाली कचरा कुठेतरी जास्त बसला की वर वाटीसारखा खळगा होतो, त्यात पाणी थांबतं, ते हळूहळू मुरतं, आत कुजणं वाढतं, मग तो भाग अजून बसतो आणि वाटी अजून खोल होते. स्वतःच स्वतःला वाढवणारं दुखणं आहे हे. म्हणून तपासणी कोरड्या छान उन्हात करायला जाऊ नका, निदान एक फेरी मोठा पाऊस थांबल्यावर लगेच मारा, चिखल होईल पण पाणी कुठून कुठे जातंय ते डोळ्यांनी दिसेल, कोरड्या दिवशी ते ओळखायला सर्व्हे लागतो. (सर्व्हेही कराच, वर्षातून एकदा ड्रोनने कंटूर (सारख्या उंचीच्या रेषा) काढून मागच्या वर्षीच्या नकाशावर ठेवले की कुठे किती बसलं ते स्पष्ट कळतं.)

खळगा भरायचा कसा यात बहुतेक जण चुकतात, आम्हीही चुकलो. खळगा दिसला, मातीची गाडी आणली, ओतली, सपाट केली, फोटो काढला, काम झालं. पुढच्या पावसाला तिथेच परत खळगा, कारण ओतलेल्या मातीच्या वजनाने खालचा कचरा अजून दबला, आणि वर टाकली होती भुसभुशीत माती, ती स्पंजासारखी पाणी धरून बसली. नीट पद्धत म्हणजे वरची गवताची माती बाजूला काढायची, मधला पाणी वाहून नेणारा थर असेल तर तोही, खाली चिकणमाती थराथराने दाबून भरायची, थोडा फुगवटा येईल इतकी जास्त, कारण ती बसणारच आहे, मग सगळं परत होतं त्या क्रमाने वर आणि बी टाकायचं. आणि कॅपमध्ये प्लास्टिक शीट असेल तर जेसीबीवाल्याला मोकळं सोडू नका, बकेटचा एक दात लागला की शीट फाटली आणि ते कुणाला कळणारही नाही. त्याच्याआधी ऑफिसमधून बांधकामाचे मूळ ड्रॉइंग शोधून काढा, ते सापडेपर्यंत एक फावडंसुद्धा मारू नका.

भेगांचं म्हणाल तर दोन प्रकार ओळखायला शिका. उन्हाने माती सुकून पडतात त्या वेड्यावाकड्या, जाळीसारख्या, त्या पावसात मिटतात. दुसरी भेग लांबलचक, उताराच्या वरच्या कडेला आडवी, टेकडीच्या कडेला समांतर जाणारी, आणि खाली पायथ्याशी माती थोडी फुगलेली. ही दिसली तर फॉर्म बाजूला ठेवून फोन करा, कारण उतार घसरायच्या तयारीत असतो. शीटवरची माती अशी घसरते, मधला पाण्याचा थर गाळाने तुंबला की माती पाण्याने जड होते आणि शीट गुळगुळीत, मग काय. म्हणून पायथ्याला त्या थराचे जे आउटलेट पाईप असतात ते पावसानंतर वाहताहेत का ते बघा, एखादा कोरडाठाक असेल तर आनंद मानू नका, तो तुंबलेला असण्याची शक्यता जास्त.

गवत बघायची सवय लावा. हिरव्यागार उतारावर मधेच एक गोल पट्टा पिवळा पडला असेल तर खालून गॅस येतोय आणि मुळांना ऑक्सिजन मिळत नाहीये असं आधी समजायचं, मग तिथे मीटर न्यायचा. उलट कोरड्या दिवसांत उताराच्या मधेच एखादी जागा ओलसर, तपकिरी-नारिंगी डाग आणि वास, तर ते लिचेट बाहेर झिरपतंय. झाडाची रोपं दिसली की लहान असतानाच उपटा, झाड सुंदर दिसतं हे खरंय पण मूळ कॅपमधून खाली जातं आणि वादळात झाड उन्मळलं तर कॅपचा गोळाच घेऊन पडतं. बिळं पण बघा, बिळाच्या तोंडाशी प्लास्टिकचे तुकडे वर आलेले असतील तर प्राणी थेट कचऱ्यापर्यंत पोचलाय. हे सगळं गुडघाभर गवतात दिसत नाही, म्हणून कापणी तपासणीच्या आधी ठेवा, आणि जमीन ओली असताना ट्रॅक्टर वर चढवू देऊ नका, त्याची चाकोरी पडली की पाण्याला तयार रस्ता मिळतो.

आता गॅस, आणि इथे जरा सावकाश वाचा. मिथेन हवेत ५ ते १५ टक्के असला तर ठिणगीने स्फोट होतो. साइटवर उघड्या हवेत तो उडून जातो, भीती असते ती जमिनीखालून आडवा सरकत जाऊन शेजारच्या इमारतीत, गटारात, मीटरच्या खोलीत साठण्याची. इंग्लंडमध्ये डर्बीशरमधल्या लॉस्को गावात २४ मार्च १९८६ ला असंच झालं, जुन्या खाणीत भरलेल्या बंद लँडफिलचा गॅस खडकातून सरकून एका बंगल्याखाली साठला आणि पहाटे बंगला उडाला, आतले तिघं जबर जखमी झाले. त्या रात्री हवेचा दाब सात तासांत २९ मिलीबारने पडला होता. बाहेरचा दाब पडला की जमिनीतला गॅस बाहेर ओढला जातो, साधं गणित आहे. म्हणून हद्दीवरच्या गॅस प्रोबचं (गॅस मोजायला जमिनीत पुरलेल्या छिद्रांच्या नळीचं) रीडिंग शक्यतो दाब पडत असताना घ्या. दाब चढत असतानाचं शून्य रीडिंग दिसायला छान दिसतं आणि काहीच सांगत नाही. रीडिंगशेजारी हवेचा दाब आणि तो चढतोय की पडतोय हे लिहिलं नसेल तर ते रीडिंग मी तरी अर्धंच धरतो. अमेरिकेचा नियम मिथेन हद्दीवर ५ टक्के आणि साइटवरच्या इमारतींत त्याच्या पाव, म्हणजे १.२५ टक्के, याच्या आत असावा असं सांगतो. आणि हो, जमीन पावसाने पूर्ण भिजली की वरची छिद्रं बंद होतात आणि गॅस आडवा जास्त जातो, तेव्हाही एक फेरी हवी.

मीटरची एक गंमत आहे जी मला कुणी सांगितली नव्हती. खिशाला लावायचा जो नेहमीचा चार गॅसचा मीटर असतो त्यातला ज्वलनशील गॅसचा सेन्सर बहुतेक वेळा आतल्या आत गॅस जाळून मोजतो, आणि जाळायला ऑक्सिजन लागतो. प्रोबमध्ये ऑक्सिजनच नसेल तर आत ५० टक्के मिथेन असूनही तो शून्याच्या आसपास दाखवू शकतो! मी नवीन असताना असं शून्य बघून खुशीत पुढच्या प्रोबकडे गेलो होतो, बरोबरच्या सीनियरने ऑक्सिजनचा आकडा वाचायला लावला, तो जवळजवळ शून्य होता, तेव्हा पोटात गोळा आला. प्रोबसाठी आणि गॅसच्या विहिरींसाठी (कचऱ्यातून गॅस ओढून घ्यायला खणलेल्या) इन्फ्रारेडवाला लँडफिल गॅस मीटर वापरा, खिशातला मीटर तुमच्या स्वतःच्या जिवासाठी.

जिवावरून आठवलं, मॅनहोल किंवा लिचेटच्या सम्पमध्ये (ते साठवायच्या खड्ड्यात) उतरू नका. दोन मिनिटांसाठी नाही, पडलेली पकड काढायला नाही, आत कुणी बेशुद्ध पडलेला दिसला तरी मागोमाग उडी नाही, असा एकामागून एक गेलेल्या माणसांचा इतिहास मोठा आहे. सडक्या अंड्याचा वास येतो तो हायड्रोजन सल्फाइड, पण १०० पीपीएमच्या (दहा लाख भागांत १०० भाग) आसपास नाकच बधिर होतं, म्हणजे वास गेला याचा अर्थ गॅस गेला असा नाही. उतरायचंच असेल तर परमिट, हवा मोजणं, ब्लोअर, हार्नेस, ट्रायपॉड आणि वर थांबलेला माणूस, हे सगळं असणाऱ्या प्रशिक्षित टीमचं ते काम आहे.

गॅस ओढणारी सिस्टीम असेल तर अजून एक दुखणं, खाली बसलेल्या जमिनीबरोबर पाईपही झोळ खातो, झोळात गॅसमधलं पाणी साठतं आणि पुढच्या विहिरींचा व्हॅक्यूम तुटतो. पाईपला कान लावला तर गुडगुड ऐकू येते, आणि मीटरचा काटा सारखा वरखाली होतो. यावर उपाय पाईपखाली आधार देऊन उतार परत काढणं. ब्लोअर, म्हणजे गॅस ओढणारा पंखा, वाढवणं हा उपाय नाही, ती चूक महाग पडते. जास्त ओढलं की भेगांतून हवा आत शिरते आणि आत कचरा धुमसायला लागतो. विहिरीत ऑक्सिजन ५ टक्क्यांच्या वर किंवा तापमान ५५ अंशांच्या वर जाऊ लागलं की (अमेरिकेतल्या जुन्या नियमांतल्या हद्दी याच होत्या) मी त्या विहिरीची ओढ आधी कमी करतो मग कारण शोधतो. कार्बन मोनॉक्साइड हजार पीपीएमच्या वर असेल तर आग धरून चालायचं, फक्त साध्या मीटरचा तो सेन्सर हायड्रोजनलाही फसतो म्हणून नमुना लॅबला पाठवून खात्री करा. आग असलीच तर खणून उघडी करू नका, हवा मिळते आणि भडकते, तिथला व्हॅक्यूम बंद करून भेगा मातीने बुजवणं ही पहिली पायरी, बाकीचं तज्ज्ञांवर सोडा.

भूजलाच्या विहिरींबद्दल थोडक्यात, वरच्या अंगाची (भूजल जिथून लँडफिलकडे येतं) आणि खालच्या अंगाची (जिथे ते पुढे जातं) विहीर यांची तुलना करायची, क्लोराइड, अमोनिया आणि कंडक्टिव्हिटी (पाण्यात क्षार किती ते दाखवणारा आकडा) खालच्या बाजूला हळूहळू चढताहेत का ते बघायचं, एका तिमाहीच्या आकड्यावर उड्या मारायच्या नाहीत. नमुना घ्यायच्या आधी साठलेलं पाणी उपसून रीडिंग स्थिर होऊ द्या. लिचेट किती पंप झालं आणि त्या महिन्यात पाऊस किती, हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहा. पावसाबरोबर लिचेट लगेच उसळत असेल तर कॅपला कुठेतरी भोक आहे, आणि पाऊस भरपूर पण लिचेट अचानक कमी, तर पंप किंवा पाईप तुंबलाय असं धरून आधी तिकडे जा.

पुढच्या फेरीला बॅगेत जुने फोटो, मोजपट्टी, रंगाचा स्प्रे, खुणेच्या काठ्या आणि गंजावर मारायचा स्प्रे ठेवा. दोन-चार जादा कुलपंही ठेवा, कारण प्रोबची निम्मी कुलपं गंजून बसलेली असणार आणि किल्ल्यांचा जुडगा ज्याच्याकडे होता तो माणूस कधीच दुसरीकडे बदलून गेलेला असणार.