धेंपोच्या फॅनने एफसी गोवाची मॅच बघायला जावं का?

पत्र:

ताई नमस्कार. मी फोंड्याचा, वय 53, सरकारी नोकरी. आमचे बाबा खनिजाच्या बार्जवर कामाला होते, त्यांनी मला लहानपणी पणजीला कांपालच्या बांदोडकर मैदानावर आपल्या गोव्याच्या धेंपो फुटबॉल क्लबची मॅच बघायला नेलं आणि तेव्हापासून मी धेंपोचा. पुढे फातोर्डा स्टेडियम झालं तिथेही आम्ही दोघं जायचो. बाबा 2013 ला गेले. 2016 ला क्लबने आय-लीग या देशाच्या मोठ्या लीगमधून टीम काढून घेतली, त्यानंतर मी मैदानाकडे फिरकलो नाही, टीव्हीवरही फुटबॉल बघत नाही. मुलगा 17 वर्षांचा, आयएसएलमधल्या (इंडियन सुपर लीग) एफसी गोवाचा वेडा फॅन, ऑरेंज जर्सी घालून मित्रांबरोबर फातोर्ड्याला जातो. मागे त्याने मला चल म्हणून विचारलं, मी म्हणालो ती टीम नाही, जाहिरात आहे. तो म्हणाला, "बाबा, तुमचा क्लब मेलाय, मान्य करा." मी त्याच्यावर हात उगारला. मारलं नाही, पण उगारला. तेव्हापासून घरात फुटबॉलचा विषय बंद, जवळजवळ बोलणंच बंद. बायको म्हणते या वयात चेंडूवरून पोराशी भांडता, लाज वाटत नाही का. ताई, मी खरंच बालिश आहे का? आणि त्या टीमची मॅच बघायला गेलो तर बाबांशी बेइमानी केल्यासारखं वाटेल, त्याचं काय करू?

उत्तर:

दादा, बालिश अजिबात नाही तुम्ही. पण आधी त्या उगारलेल्या हाताचं बघू, कारण बाकी सगळं त्याच्यानंतरचं आहे. 17 वर्षांच्या पोरावर हात उगारला ना, की त्याला मार लागत नाही, अपमान लागतो, आणि तो स्वतःहून कधी येऊन सांगणार नाही. आज संध्याकाळी त्याला म्हणा, "मी हात उगारला ते चुकलं माझं." एवढंच. "पण तू पण असं बोललास" हे त्याला जोडू नका, जोडलंत की माफी राहिली बाजूला आणि भांडण पुन्हा सुरू. फुटबॉलचा विषय त्या दिवशी काढूच नका.

आता धेंपो. तुमच्या बायकोला चेंडू दिसतो कारण बाहेरून तेवढाच दिसतो, तिचा दोष नाही त्यात. पण 2004 चं ते फेडरेशन कप फायनल आठवा, 5 डिसेंबर, बंगळुरू, समोर मोहन बागान, दोन्ही गोल आपल्या ब्राझिलियन क्रिस्तियानो ज्युनियरचे आणि दुसरा गोल मारतानाच गोलकीपरशी टक्कर होऊन तो कोसळला तो परत उठलाच नाही. कप जिंकला आणि खेळाडू गमावला, त्याच सीझनला टीमने नॅशनल लीग (आय-लीगच्या आधीची देशाची लीग) जिंकली. ज्या माणसाने हे सगळं बापाच्या शेजारी बसून सोसलंय त्याला "चेंडू" म्हणून गप्प करता येत नाही. आणि नंतरची वर्षं तर काय होती! कोच कुलासो सरांची टीम, रँटी आणि बेटो पुढे, महेश गवळी, समीर नाईक, क्लायमॅक्स, क्लिफर्ड मिरांडा, 2008 ला आशियाई क्लबांच्या एएफसी कपच्या सेमीफायनलपर्यंत गेलो, 2011 ला एअर इंडियाला 14-0 ने हरवलं. नॅशनल लीग दोनदा आणि आय-लीग तीनदा, अशी पाच टायटल्स. 2007-08 ते 2012-13 सलग सहा वर्षं आय-लीग गोव्याच्या बाहेर गेली नाही, धेंपो, चर्चिल, धेंपो, साळगावकर, धेंपो, चर्चिल. एवढ्याशा राज्याने अख्ख्या देशाला सहा वर्षं हात लावू दिला नाही, आणि तुमचे बाबा ते बघून गेले हे मला फार बरं वाटलं वाचून.

म्हणून 2016 चा राग मला समजतो. टीम 2015 ला खाली घसरली, पुढच्याच वर्षी सेकंड डिव्हिजन जिंकून परत वर आली, आणि वर आल्यावर खेळलीच नाही! फेडरेशनने आयएसएल ही वरची लीग आणि आय-लीग खालची असा प्लॅन पुढे आणला, त्यावर गोव्याचेच साळगावकर आणि स्पोर्टिंग हे क्लब बाहेर पडले, मग धेंपोही. मैदानावर कमावलेली जागा ऑफिसमध्ये गेली, आणि वर्षानुवर्षं तिकीट काढून बसणाऱ्यांना कोणी विचारलंसुद्धा नाही. आपल्याकडचे क्लब मालकाच्या जिवावर चालले, गोव्यात तर बरेचसे खाणीच्या पैशावर, आणि मालकाने ठरवलं की विषय संपला, फॅनला त्यात मत नाही. मुंबईत महिंद्रा युनायटेडवाल्यांचं हेच झालं, 2005-06 ला नॅशनल लीग जिंकलेली टीम 2010 ला बंद. पुण्यात तर आधी पुणे एफसी गेला आणि मग 2019 ला एफसी पुणे सिटी पण. मला वाटतं या सगळ्या फॅन्सचं एक दुःख असं आहे की कोणी समाचाराला येत नाही. टीम हरली तर चार लोक चिडवायला तरी येतात, टीम बंद झाली की कोणी काही बोलतच नाही.

हे सगळं मान्य केल्यावर मला तुम्हाला एक गोष्ट विचारायची आहे आणि ती जरा लागेल. तुमचा मुलगा म्हणाला क्लब मेला, तुम्हाला राग आला. पण दादा, 2016 पासून तुम्हीही क्लब मेल्यासारखंच वागताय की. धेंपो मेलेला नाही. त्यांनी जुन्या गोव्याला एला इथली अकॅडमी चालू ठेवली, गोव्याच्या लीगमध्ये पोरं खेळवत राहिले, आणि 2023-24 ला आय-लीग 2 मधून वर येऊन 2024-25 चा सीझन परत आय-लीगमध्ये खेळले. तेव्हा कोच कोण होता माहितीये का? समीर नाईक. तुमचाच समीर नाईक, ज्याला तुम्ही बाबांबरोबर डिफेन्समध्ये बघितलंत. आठ वर्षांनी टीम परत आली आणि तिचा जन्मभराचा फॅन फोंड्याला घरी बसून होता, कारण त्याच्या लेखी 2016 ला सगळं संपलं होतं. मी टोमणा मारत नाहीये हो. मला खरंच वाटतं की तुम्ही धेंपोचे फॅन राहिला नाहीत, तुम्ही बाबा शेजारी बसलेले असायचे त्या धेंपोचे फॅन आहात, आणि ती टीम परत येणार नाही हे बघायला नको म्हणून मैदानच टाळताय. तारखा बघा ना तुमच्याच पत्रातल्या, बाबा 2013 ला गेले आणि क्लब 2016 ला. तीन वर्षांत दोन्ही गेलं. बाबांसाठी घरात सुतक पाळलं असेल, लोक भेटायला आले असतील. क्लबसाठी कोण येणार? ते सगळं आत साठून राहिलं आणि शेवटी पोराच्या एका वाक्यावर बाहेर आलं.

आता त्या ऑरेंज टीमकडे या. तुम्ही तिला जाहिरात म्हणालात. 2014 ला एफसी गोवा सुरू झाली तेव्हा मालकांमध्ये कोण होतं? दत्तराज साळगावकर आणि धेंपो क्लबचेच श्रीनिवास धेंपे. पहिल्याच सीझनला तिच्याकडून खेळलेली पोरं कुठली? क्लिफर्ड, रोमिओ फर्नांडिस, मंदार राव देसाई, सगळे धेंपोतून आलेले. आणि 2020 च्या फेब्रुवारीत जमशेदपूरला 5-0 हरवून या टीमने लीग टप्प्यात पहिलं येण्याची शिल्ड पहिल्यांदा पक्की केली, ज्याच्या जोरावर ती एएफसी चॅम्पियन्स लीगच्या ग्रुप स्टेजला जाणारी भारतातली पहिली टीम ठरली, त्या दिवशी डगआउटमध्ये हंगामी कोच म्हणून उभा कोण होता? क्लिफर्ड मिरांडा. तुम्ही ते बघितलंच नाही, रुसून बसला होतात. मी असं म्हणत नाही की एफसी गोवा म्हणजेच धेंपो. नाही, आणि तसं मानायची सक्तीही कोणी तुमच्यावर करू नये, आयएसएलमध्ये पैशाचा दिखावा आहे, फ्रँचायझी आज आहे उद्या नाही हेही खरं, पुणेकरांना विचारा. पण परकी टीम? ती तुमच्याच माणसांनी उभी केलीय.

आणि मुलाचा विचार करा जरा. क्लब बाहेर पडला तेव्हा तो आठेक वर्षांचा असेल, धेंपो त्याने कधी नीट बघितलाच नाही, त्याच्यासाठी फुटबॉल म्हणजे फातोर्डा आणि ऑरेंज. 2015 चं आयएसएल फायनल तिथेच झालं, शेवटच्या काही मिनिटांपर्यंत गोवा 2-1 ने पुढे आणि मग चेन्नईयिनचे दोन गोल, एक तर आपल्याच गोलकीपरचा ओन गोल, हरलो 3-2. तो तेव्हा सातेक वर्षांचा. त्या रात्री तो रडला असेल का? कोणाजवळ? 2019 ला परत फायनल, बंगळुरूकडून एक्स्ट्रा टाइममध्ये 1-0. त्यालाही त्याची दुःखं आहेत दादा, आणि अख्ख्या घरात ती ज्याला कळली असती असा एकच माणूस होता, तुम्ही. तरीही त्याने तुम्हाला "चला" म्हटलं. 17 वर्षांची मुलं बापाला मित्रांबरोबर मॅचला बोलवत नाहीत हो सहसा, लाज वाटते त्यांना. याने बोलावलं. तुम्ही नाही म्हणालात तेव्हा तो जे बोलला ते वाईटच होतं, पण ते क्लबबद्दल नव्हतं असं मला वाटतं.

बाबांशी बेइमानी होईल का, हे तुम्ही विचारलंत. नाही होणार. बाबांनी बार्जवरून दमून येऊन तुम्हाला कांपालला नेलं ते तुमच्याकडून नावाची शपथ घ्यायला नव्हे, त्यांना रविवारी आपला पोरगा शेजारी हवा होता. धेंपो होता कारण त्यांचं पोट धेंपोंच्या खाणीच्या धंद्यावर होतं, कामावरचे सगळे धेंपोचेच असणार. साळगावकरच्या बार्जवर असते तर तुम्ही आज साळगावकरसाठी रडत असता. बाबांची आठवण ठेवायची तर मुलाशेजारी बसा, त्यात त्यांची बेइमानी कसली?

इंग्लंडमधलं एक उदाहरण सांगते कारण ते मला फार आवडतं. लंडनचा विम्बल्डन क्लब मालकांनी उचलून दूर मिल्टन कीन्सला न्यायचं ठरवलं, 2002 ला परवानगीही मिळाली. फॅन्सनी काय केलं, त्याच उन्हाळ्यात स्वतःचा क्लब काढला, मैदानावर ट्रायल घेऊन खेळाडू निवडले आणि पार खालच्या लीगपासून सुरुवात केली, 2011 ला प्रोफेशनल लीगमध्ये पोचले आणि 2020 ला आपल्या जुन्या गल्लीत नवीन स्टेडियम बांधून परत आले. तुम्ही क्लब काढा असं मी म्हणत नाहीये! पण त्यांचं जे गेलं त्याचा राग त्यांनी खालच्या लीगच्या मैदानावर जाऊन, उभं राहून, ओरडून काढला. तुमच्याकडे तर क्लब आयता आहे, फक्त जायचंय.

तर मला विचाराल तर असं करा. माफी मागितल्यावर आठवडाभर जाऊ द्या, मग त्याला 2015 च्या फायनलबद्दल विचारा. काय झालं होतं, ओन गोल कसा गेला, तो कुठे बसला होता. मध्ये बोलू नका, आणि "आमच्या वेळी" तर नाहीच नाही. तो बोलायला लागला की थांबणार नाही, फॅन आहे ना. नंतर फातोर्ड्याच्या पुढच्या मॅचची तिकिटं तुम्ही काढा, पण त्याच्या मित्रांच्या मध्ये जाऊन बसू नका, तो ईस्ट लोअरमध्ये ओरडायला जात असेल तर जाऊ दे त्याला, तुम्ही दुसऱ्या स्टँडमध्ये बसा, हाफटाइमला भेटा, परत येताना गाडीत सोबत या. बोलणं सगळं गाडीतच होतं. ऑरेंज जर्सी घालायची गरज नाही, साध्या शर्टात जा. गोल झाल्यावर उठावंसं वाटलं तर उठा, नाही वाटलं तर बसून राहा, कोणी हजेरी घेत नाही.

आणि मग त्याला धेंपोच्या मॅचला न्या. हे मात्र नक्की करा. तिथे लाइट, ढोल, गर्दी फारशी नसेल, शंभर-दोनशे माणसं असतील, त्यात जुने लोक असतील तुमच्या ओळखीचे, बाबांच्या ओळखीचेही एखाददुसरे. पोराची ओळख करून द्या त्यांच्याशी. त्याला समीर नाईकबद्दल सांगा, क्रिस्तियानोबद्दल सांगा, तो गोल कसा होता ते सांगा, हे दुसरं कोणी सांगणार नाही त्याला. त्याला कंटाळा आला तर येऊ द्या, त्याने धेंपोचा फॅन व्हायलाच पाहिजे असं मनात धरून नेऊ नका, ते लगेच कळतं मुलांना. आणि सौदीच्या अल नासरविरुद्ध फातोर्ड्याला एफसी गोवाच्या आपल्या ब्रायसन फर्नांडिसने गोल मारला ना 2025 ला, तो त्याला तुम्हाला मोबाइलवर दाखवू द्या, मी दाखवला कोणाला तरी तर मलाच भरून आलं होतं.

राहिली वहिनी. तुमच्या पत्रात त्या फक्त एका वाक्यात आहेत, आणि तेही रागावलेल्या. इतक्या वर्षांत त्या कधी मैदानावर आल्या होत्या का ते तुम्ही लिहिलंच नाहीत. विचारलं होतंत का त्यांना कधी? नसेल तर पुढच्या वेळी तिकिटं काढताना तीन काढू का म्हणून विचारून बघा.